उजव्या बाजूचा पत्रा

कमल तोरसकर लहानपणीच पोलिओने आजारी पडल्या आणि डाव्या पायातलं बळ गेलं ते गेलंच. वडील गिरणीत होते, घर परळच्या चाळीत. शाळेत जायचं तर थोरला भाऊ दत्ताराम पाठुंगळी घ्यायचा. पुढे टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली, तरी बसच्या पायरीवर कुणीतरी काखेत हात घालून वर चढवावं लागायचं. कधी ओळखीचं, कधी परकं. मग कमलताईंनी पगारातून लँब्रेटा स्कूटर घेतली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक लावून घेतलं, म्हणजे थांबल्यावर पाय टेकायला नको.

"त्या दिवसापासून मला कुणी उचललं नाही," असं त्या आजही सांगतात.

आमच्या नाहूरच्या इमारतीत त्या राहायला आल्या तेव्हा ती स्कूटर पंपाच्या खोलीमागे ताडपत्रीखाली पडलेली होती. बाईंनी मधल्या काळात बिनगिअरची हलकी गाडी घेतली होती, तिलाही चाकं लावून. पण ती स्पीडब्रेकरवर रिकाम्या डब्यासारखी उडायची. तिचं इंजिन बसलं तसं कमलताईंनी जाहीर केलं की लँब्रेटा परत रस्त्यावर आणायची.

"आत्या, मोबाईलवर गाडी मागवायची, खाली येऊन उभी राहते," दत्तारामची मुलगी प्रांजल म्हणाली. "कशाला डोक्याला ताप?"

"गाडी खाली येते गं. पण ती दुसराच चालवतो ना?"

साकीनाक्याला राजेशचं जुन्या स्कूटरींचं छोटं गॅरेज आहे. त्याने इंजिन उघडलं, सायलेन्सर बदलला, वायरिंग नवं घातलं. ते सगळं झालं, अडलं ते बाजूच्या पत्र्यावर. या स्कूटरच्या दोन्ही अंगांना एकेक मोठा पत्रा असतो, पॅनेल म्हणतात त्याला. त्यावरचं छोटं हँडल फिरवलं की निघतो. डावं पॅनेल शाबूत होतं. उजवं मात्र गंजाने पार चाळण झालेलं, हात लावला तर तुकडा हातात यायचा.

नवीन बनवलेली पॅनेलं बाजारात मिळतात. राजेशने एक आणलं. पुढून बसवलं तर मागे बोटभर फट, मागून बसवलं तर हँडलची खिट्टीच लागेना. दुसरं आणलं, ते सीटला घासत होतं. तिसरं ठोकून ठोकून बसवलं, तर चालू गाडीत पत्र्याची खडखड अशी की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मान वर केली.

"ताई, ओरिजिनलच पाहिजे," राजेश म्हणाला. "नाहीतर वाट लागली समजा."

ओरिजिनल निघालं मरोळ गावठाणात, इसिडोर परेरांकडे. सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वतःची लँब्रेटा रोज पुसणारा. त्यांच्याकडे कधीच न वापरलेलं उजवं पॅनेल होतं, चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलेलं. राजेशने फोन केल्यावर ते स्वतः घेऊन आले. लावलं, हँडल फिरवलं, आणि पॅनेल असं बसलं की फटीत नखही जाईना. दोघेही खूश झाले.

मग इसिडोर डाव्या बाजूला गेले. तिथल्या पॅनेलच्या खालच्या कडेला अर्धगोल काप होता.

"हे कुणी केलं?"

"जादा चाकांची दांडी इथून आडवी जाते ना अंकल, तिच्यासाठी. कामापुरती काढून ठेवलीय. आता उजव्यालाही तसाच मारायचा."

इसिडोरनी पॅनेल काढलं आणि चादरीत गुंडाळलं. "मी लावायला दिलं होतं, कापायला नाही," म्हणाले आणि रिक्षा करून निघून गेले.

राजेशने फोनवर हे सांगितलं तेव्हा कमलताई आधी त्याच्यावरच उखडल्या. "अरे मेल्या, आधी सांगायचंस ना त्यांना!" मग पत्ता मागून घेतला.

गावठाणात रिक्षा आतपर्यंत जात नाही. कमलताई कुबडी टेकत, उंचसखल फरशीवरून गावातल्या दगडी क्रॉसच्या पुढे विचारत विचारत गेल्या. दार तेरेसाबाईंनी, इसिडोरच्या बायकोने उघडलं.

"ये गो बाय, बस. पाणी देते."

इसिडोर ओशाळले होते, पण मागे हटले नाहीत. "बाय, रागावू नको. असा पत्रा आता कुणी बनवत नाय. एक कापला की एक कमी झाला. तू असं कर, बाजूची चाकं परत लावूच नको. गाडी कशी झकास दिसेल बघ."

"आणि बसणार कोण तिच्यावर?"



कमलताईंनी सलवार थोडी वर केली. घोट्यापासून वर गेलेल्या लोखंडी पट्ट्या आणि खाली जाड तळव्याचा बूट. "हा बूट दुकानातून नवा कोरा आणला. त्याच दिवशी चांभाराकडे नेला. त्याने टाच कापली, तळवा वाढवला, पट्टीसाठी भोक पाडलं. आयुष्यभर प्रत्येक जोडी अशीच नेली मी. तो म्हणाला असता, बाई, नवा बूट आहे, मी कापणार नाही, तर मी चालले कशाने असते?"

तेरेसाबाई पाण्याचा पेला हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. इसिडोर त्या बुटाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "माझ्याने नाय होणार गो. विचार करतो, पण शब्द देत नाय."

कमलताई परत आल्या त्या रिकाम्या हाताने. प्रांजलला म्हणाल्या, "माणूस वाईट नाही. त्याचं मन त्या पत्र्यात अडकलंय, काय करणार?" राजेशला त्यांनी ते खडखडणारं पॅनेलच बसवायला सांगितलं.

त्यावर आठवडा गेला असेल. एका सकाळी इसिडोर स्वतःच्या लँब्रेटावरून साकीनाक्याला आले. गाडी उभी केली, तिचं उजवं पॅनेल काढलं आणि राजेशसमोर ठेवलं. फिकट हिरवं, एका कोपऱ्यात जुना जोड मारलेलं.

"कोरं कापायला माझा हात धजत नाय," ते म्हणाले. "ते मी माझ्या गाडीला लावतो. हे तिला दे. हे पण ओरिजिनलच आहे, तेवढंच फिट बसेल."

आणि बसलंही. कमलताईंना बोलावणं गेलं. डाव्या पॅनेलवर पुठ्ठा ठेवून कापाचा आकार इसिडोरनीच काढला, उलटा करून उजव्यावर खडूने आखला. राजेशने ग्राइंडर सुरू केला तेव्हा मात्र ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कमलताईही त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज थांबला. मग इसिडोर वळले आणि म्हणाले, "कड आत दुमड रे. तशीच सोडलीस तर पाणी धरेल."

सगळ्या गाडीला दुधी रंग लागला. कमलताईंनी उजव्या पायाने किक मारली, गिअर टाकला आणि साकीनाक्याच्या त्या गर्दीत शिरल्या. राजेश सांगतो, हॉर्न चहूकडून वाजत होते आणि बाई हसत होत्या.

आता रविवारी सकाळी त्या पवईवरून मरोळला जातात. तेरेसाबाईंचे गुडघे दुखतात आणि नवऱ्याच्या मागे बसायला त्यांना हल्ली भीती वाटते, गाडी कलली तर काय, म्हणून त्यांनी ते कधीच सोडलं होतं. कमलताईंच्या मागे मात्र त्या पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसतात आणि दोघी मासळी बाजारात जातात. बोंबील कमलताईंना ताजेच लागतात, तेरेसाबाईंना कोळणीशी भाव करायला आवडतं. इसिडोर आपली गाडी घेऊन मागून येतात, आणि या दोघी सिग्नलला गप्पांत रंगल्या की हॉर्न वाजवून सांगतात, हिरवा झाला म्हणून.