पडवीतल्या गेरूच्या रेघा

दिगू मेस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंबोलीत एका टपरीवर चहा पीत होतो. मागे टेम्पोत त्याच्याचसाठी घेतलेलं मशीन दोरखंडाने बांधलेलं होतं. बेळगावहून निघालो होतो आणि फार खुशीत होतो. कटर आणि रंधा एकाच टेबलावर असलेलं ते जुनं मशीन मी दीड महिना भांडून, दोनदा दुकानातून उठून चालता होऊन, शेवटी माझ्या भावात उचललं होतं. वर एक नवं पातं फुकट काढलं होतं. दुकानदाराचं तोंड शेवटी कसं झालं, ते दिगूला कसं करून दाखवायचं याची मनात तयारी चालली होती... फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "मेस्त्री गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "खंय गेले?" त्याने अंत्ययात्रेची वेळ सांगितली. तेव्हा मला समजलं. चहाचे उरलेले पैसे न घेता मी टेम्पोत बसलो. असं माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. घाट उतरताना ड्रायव्हर गाडी अगदी सावकाश सोडत होता म्हणून त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "शेठ, मशीन तुमचाच जड आसा, मी काय करू?"

त्याला दीड महिना होऊन गेला. हे लिहायला बसलो ते दिगूचं कौतुक करायला नव्हे. कौतुक करणारे गावात पुष्कळ आहेत. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी कसालला जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या घरांचे वासे, तुळया, दारं, खिडक्या मी विकत घेतो आणि विकतो. चौथीत शाळा सुटली, सायकलवरून मोडक्या खुर्च्या गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि जे काही उभं केलं ते माणसाच्या तोंडाकडे बघून केलं. विकणारा किती अडलेला आहे, घेणाऱ्याला वस्तू किती आवडली आहे, ते मला तो बोलायच्या आधी कळतं. दिगूची आणि माझी ओळख तीस वर्षांपूर्वीची. मी त्याला फणसाची एक तुळई विकत होतो. वरून चकचकीत, पण आत किडीने खाल्लेली. मला ते माहीत होतं. दिगूने तिच्यावर बोटाच्या पेराने तीन ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "बबन्या, ह्या आतून रडता हा रे." मग मोठ्याने हसला. भांडला नाही, हेच मला लागलं. त्या दिवसापासून मोठा सौदा असला की मी त्याला बरोबर न्यायचो. तो लाकूड वाचायचा, मी माणूस वाचायचो. अशी आमची वाटणी होती.

त्याची एक खोड मला कधीच सहन झाली नाही. तो घासाघीस करायचाच नाही. "बोल तुझो भाव," म्हणायचा आणि मी सांगेन तो मान्य करायचा. मग मीच चिडून भाव खाली आणायचो. मी म्हणायचो, "मेल्या, वाईच तरी भांड. माका चोरी केल्यासारख्या वाटता." तो म्हणायचा, "तू भांडतंस मा दोघांच्या वाटचा? मगे झाला."

तीस वर्षं तो लोकांच्या घरी जाऊन सुतारकाम करत राहिला. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या शेताकडच्या मांगरात, हत्यारांची पिशवी घेऊन जायचं, खाली बसून पायाच्या अंगठ्यांत लाकूड धरायचं आणि रंधा मारायचा. स्वतःची म्हणून कामाची जागा त्याला नव्हती. घरी त्याची बायको, नलिनी वहिनी, उरलेल्या तुकड्यांचे पोळपाट, लाटणी, पाट घासून त्यांना पॉलिश करायच्या आणि कुणकेश्वरच्या जत्रेत विकायच्या. तुकडे दिगू कापून द्यायचा, पण घासण्यातली नजर वहिनींचीच. त्यांच्या पोळपाटावरून हात फिरवला की मीसुद्धा भाव करायचं विसरायचो.

गेल्या चतुर्थीनंतर एकदा दिगू वखारीत आला आणि म्हणाला, "बबन, घराक कारखानो करूचो म्हणतंय. पडवीत." मी आधी हसलो आणि मग भडकलो. पडवी ती केवढी? दहा फूट बाय चौदा फूट. मी त्याला कसालला हायवेला लागून माझ्या वखारीमागची शेड देत होतो. गिऱ्हाईक समोर, लाकूड शेजारी, ट्रक दारात. "माझी शेड सोडून पडवीत? डोक्यावर पडलंस काय?" तो शांतपणे म्हणाला, "घराकच होयो." कारण विचारलं तर सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणूस आळशी होतो.

मग सुरू झाली ती मांडणी. मी इतकी घरं पाडलेली पाहिली आहेत, पण खोलीचा असा विचार करणारा माणूस पाहिला नाही. त्याने पडवी मोकळी करून घेतली. आंब्याची रिकामी खोकी आणली आणि ती एकावर एक रचून त्यांचं मशीन केलं. चार खोकी म्हणजे कटर आणि रंधा, दोन खोकी म्हणजे भोकं पाडायचं यंत्र, एका बाजूला काम करायचा बाक. मग हातात एक लांब पट्टी घेऊन दारातून खिडकीकडे, खिडकीकडून बाकाकडे तो चालत राहायचा. पट्टी कुठे भिंतीला लागली की खोकी हलवायचा. परत चालायचा. "लाकूड एकदा भितुर इला की माघारी फिरूक नको," असं त्याचं म्हणणं. "फिरवलास की येळ गेलो, आणि भिंतीक टेकलास की कोपरो मोडलो." जागा ठरली की गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध उचलून सोडायची. जमिनीवर लाल रेघ उमटायची. दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं. वखारीचा धंदा सोडून मी दोरी धरून उकिडवा बसायचो आणि शिव्या देत राहायचो.

खरी अडचण लांब फळ्यांची होती. आठ फुटांची फळी कापायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट लागतात आणि पलीकडे आठ. सोळा झाले, आणि पडवी चौदाची. मी म्हटलं, "बघ, शेडीत ये." त्याने दोन दिवस विचार केला आणि मागची खिडकी खालून फोडली. तिची कड मशीनच्या टेबलाइतकी खाली आणली. खिडकी, पातं आणि दार एका रेषेत. फळी माडांच्या बाजूने खिडकीतून आत येणार, कापून दाराने बाहेर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात जाणार. मला ते आवडलं, पण मी कबूल केलं नाही. मी खोट काढली, "आणि फळयेचा शेपूट खिडकीभायर लोंबत रवतला, तां कोण धरतलो? तुझो आजो?" तो म्हणाला, "एक माणूस लागतलो भायर." "त्याका मजुरी दी मगे." "नको. फुकटचो एक आसा." मी विचारलं कोण. त्याने दोरी ताणायला सांगितली.

बाकाच्या उंचीवरून मात्र आमचं खरं भांडण झालं. दिगू ताडमाड उंच. बाक त्याच्या मांडीला लागत होता. हत्यारं टांगायच्या खुंट्याही तशाच खाली. "हेच्यार वाकान वर्षभरात तुझा कंबरडा मोडतला," मी ओरडलो. "माका वाकूची सवय आसा." त्याने बाक तिथेच ठेवला. एकदा तर माझ्यासमोर त्याने वहिनींना हाक मारली. "नलू, हय उभी रव वाईच. पीठ मळतंस तसो हात धर." वहिनींनी ओल्या हातानेच कोपर वाकवून तळवा खाली धरला आणि दिगूने भिंतीवर तळव्याखाली पेन्सिलीची खूण केली. मी म्हटलं, "काय रे, जेवणाचो ओटो बांधतंस?" तो हसला. "व्हय, तसाच कायतरी." वहिनी हसल्या नाहीत. हात पदराला पुसत आत गेल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माणसाच्या तोंडावरून सौदे करणारा मी... तिथे उभा होतो आणि मला काही दिसलं नाही.

दिवाळीनंतर तो दोनदा गोव्याला जाऊन आला. मला म्हणाला, कामाच्या चौकशीला जातो. मी सांगितलं, जातोसच तर म्हापशाला मशीनचा भाव विचारून ये. तो विचारून आला. भाव, मोटरची ताकद, टेबलाची लांबी, सगळं नीट सांगितलं. आज मला माहीत आहे की त्याच दिवशी सकाळी गोव्याच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. चतुर्थीच्या आधीच कळलेला पोटातला आजार आता पसरला होता. ते ऐकून हा माणूस बस पकडून म्हापशाला गेला आणि माझ्यासाठी भाव विचारत दुकानात उभा राहिला. मी भाव ऐकून म्हटलं, "लुटतत तुका. थांब, मी बेळगावात बघतंय." तो म्हणाला, "बघ. गडबड नाय." गडबड नाय! त्या दोन शब्दांवर मी दीड महिना घालवला. तो बारीक होत चालला होता, ते दिसत होतं. विचारलं तर म्हणायचा, पित्त झालंय. फोनवर रोज मला विचारायचा, "काय म्हणता रे बेळगाववालो?" आणि मी रंगवून सांगायचो. तो हसायचा, मधेच खोकायचा, परत विचारायचा. त्याची उत्सुकता मला मशीनची वाटत होती.

बाराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली आणि मी वहिनींवर ओरडलो. ते करायला नको होतं. पण माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. "तुमका म्हायत होता! तुमी दोघांनी माका येडो केलास! एक शब्द बोलला असतास, तर मी त्याच दिवशी म्हणतीत त्या भावान मशीन हाडला असता. त्येना एकदा तरी चालवला असता. एक फळी तरी..." वहिनी पडवीच्या दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणानच सांगला नाय, भावजी. रागावू नकात. ते म्हणत, बबन जवसर भावासाठी भांडता हा, तवसर माझ्याकडे येळ आसा. तुमी एकदम भाव मान्य केला असतास, तर त्येंका कळला असता, आता संपला."

तीस वर्षांत माझ्याशी कधी घासाघीस न केलेला माणूस माझ्या घासाघिशीवर दीड महिना जगत होता, आणि मला ते माहीत नव्हतं. मला माहीत असतं तर मी आणखी लांबवलं असतं, की लगेच संपवलं असतं? रोज विचार करतो. दोन्हीकडून चूकच वाटते. आणि ही निवड त्याने माझ्यापासून काढून घेतली, ही माझी तक्रार आहे. मित्राने मित्राला एवढं तरी सांगायला हवं होतं. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

त्या दिवशी उठून मी पडवीत गेलो तेव्हा बाक माझ्या नजरेला पहिल्यांदा नीट पडला. वहिनी आत आल्या आणि सवयीने त्यांनी त्याच्यावर हात टेकला. कोपर बरोबर वाकलं. पीठ मळताना वाकतं तसं. खुंटीवरची पटाशी त्यांनी टाच न उचलता काढली. कसालची शेड का नको होती, घराकच का होया, हे मला त्या एका हातावरून कळलं. वहिनी गावोगाव हत्यारांची पिशवी घेऊन फिरणार नव्हत्या. पडवी पहिल्यापासून त्यांच्यासाठीच आखली जात होती, आणि मी तिच्या दोरीचं टोक धरून बसलो होतो.

वखारीत उतरवून ठेवलेलं मशीन आम्ही दुसऱ्या दिवशी पडवीत घेतलं. आंब्याची खोकी उचलली, खाली गेरूच्या रेघा तशाच होत्या. मशीनची मापं दिगूने फोनवर माझ्याकडून घेतली होती; चारी पाय त्या रेघांत बसले. बोटभरही सरकवावं लागलं नाही. वहिनी आठवडाभर नुसत्या चालू-बंद करून बघत होत्या, मग छोटे तुकडे कापायला लागल्या. लांब फळीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. शेजारच्या कोणाला तरी बोलवू म्हणत होत्या. मला दिगूचा 'फुकटचो एक' आठवला, आणि मी वळसा घालून माडांच्या बाजूला गेलो आणि खिडकीबाहेर उभा राहिलो.

आता दर सोमवारी मी वखार बंद ठेवून तिथे जातो. फणसाची फळी खिडकीतून आत देतो आणि तिचं शेपूट दोन्ही हातांनी धरून ठेवतो. आत वहिनी ती हळूहळू पात्याकडे ढकलत नेतात. त्यांच्या पलीकडे उघडं दार दिसतं, खळं दिसतं. फळी अर्धी आत गेली की त्या ओरडतात, "सोडलात तरी चलात, भावजी." मी सोडत नाही. ती आपणच सरकत माझ्या हातांतून जाते, शेवटचं टोकही जातं, आणि मध्येच कधीतरी पात्याचा आवाज बदलतो. त्या आवाजावरून आत गाठ आहे की कीड, ते दिगूला ऐकताक्षणी कळलं असतं. मी खिडकीला कान लावतो. मला कळत नाही. मी दुसरी फळी उचलतो.