उकडलेल्या धानाचा वास

शेजारणीनं आज अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं आणि त्या ओल्या, उबट वासानं मला धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या त्या राईसमिलचं पटांगण आठवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही बायका तिथं असंच धान पसरून उन्हात पायानं फिरवायचो. दूर कुठे लढाई पेटली, तेल-डाळ महागली, मजुरी मात्र जागची हलेना. म्हणून एका सकाळी धान पसरून झाल्यावर आम्ही काम टाकलं आणि फाटकाबाहेर बसलो. घोषणा मीच देत होते. दुपारी अवचित आभाळ भरून आलं. "पाणी येऊन राहिलं वो, धान भिजते," शेजारी बसलेली म्हातारी कळवळली. "भिजू दे. मालकाचं हाय, आपल्याले काय?" मी तिच्यावर खेकसले. पण पहिला थेंब मनगटावर पडला आणि सगळ्यांच्या आधी मीच आत धावले. माझ्यामागे साऱ्याजणी आल्या. आम्ही ढीग केले, ताडपत्र्या ओढल्या, दाणा भिजू दिला नाही. मालक ऑफिसच्या दारातून बघत होता. वाटलं, आता तरी मजुरीचं बोलेल. तो म्हणाला, "अच्छा किया. लड़ाई में जहाज बंद हैं, माल बंदरगाह पर पड़ा है. बस ये धान निकल जाए, फिर मिल बंद." "मग आधी काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. तो ऑफिसचं दार लोटून आत गेला. आम्ही भिजल्या लुगड्यांनी तशाच उभ्या राहिलो. संप कशाविरुद्ध करायचा, तेच उरलं नव्हतं. त्या दिवशी धान भिजू द्यायला हवं होतं, असं मी कितीदा स्वतःला बजावलंय. आत्ता आभाळ काळवंडलंय, शेजारीण घरात नाही, आणि मी तिच्या अंगणात खराटा घेऊन उभी आहे.