हक्कसोडीची साडी

"या बघा, लखपतीण आल्या. फी माफ करून घ्यायला."

पनवेलच्या कॉलेजात फीच्या खिडकीमागचा कारकून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला. रांग हसली. सगळेच हसले नसतील, पण मला तेव्हा सगळेच हसल्यासारखे वाटले. नव्वदीची सुरुवात होती. मी नुकतीच अठराची झाले होते. बारावी सायन्सला पहिला वर्ग मिळाला होता. पाऊस होता आणि छत्री नव्हती, म्हणून फी-सवलतीचा फॉर्म पोटाशी धरून आणला होता.

कारकुनानं माझा उत्पन्नाचा दाखला दोन बोटांत धरून वर केला. त्यावर तलाठ्यानं खाली एक ओळ लिहिली होती. वारस म्हणून जमिनीचा वाढीव मोबदला मिळालेला आहे.

"आजोबांची इस्टेट आली ना वाट्याला? मग सवलत कसली? तुम्हा गाववाल्यांचं बरं आहे. सरकारचे पैसे घ्यायचे, मोटारसायकली उडवायच्या, वर फीसाठी हात पसरायचे."

मी म्हणाले, "सर, पैसे आम्हाला मिळाले नाहीत."

"कागदावर मिळालेत. मी कागद बघतो. शनिवारपर्यंत पूर्ण फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

मी दाखला घेतला आणि मान खाली घालून बाहेर पडले. मला त्याचा राग आला नाही. लाज वाटली. आज चीड येते ती त्या लाजेचीच.

कागदावरचं खरं होतं, तेही सांगते. नवं शहर वसवायला सरकारनं आजोबांची भातशेती घेतली, तेव्हा मी पाळण्यात होते. कोर्टात भांडून वाढीव मोबदला मिळाला तोवर आजोबा गेले होते. माझे वडील त्यांच्याही आधी. म्हणून वारसांच्या यादीत तीन नावं. धाकटे काका, आई आणि मी. दोन्ही आत्यांनी आपला हक्क आधीच सोडून दिला होता. चेक आणायला काका गेले. त्यासाठी आईनं त्यांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं, स्वतःच्या आणि माझ्या वतीनं. अंगठा उठवून. "घरातलाच मानूस हाय," म्हणाली होती.

त्या पैशांतून काकांचं स्लॅबचं घर झालं. डंपर आला. आम्हाला मागच्या पडवीवर नवे पत्रे घालून मिळाले. आई उन्हाळाभर मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायची. पावसात मिठागरं बंद, तेव्हा लोकांच्या शेतात लावणीला जायची. तळव्यांच्या भेगांत मीठ जाऊन रात्रभर कण्हायची. अशा बाईची मी लखपतीण मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. माझी फी भरा, असं मी म्हणाले. ते हसले.

"एवढंच ना, बाय? तुजं नाव यादीत हाय म्हनून अडलंय. नावच काढून टाकू. हक्कसोड करून दे. मंग तलाठी लिवून देल, पोरीकडं काय नाय. फी माफ."

खरं सांगते, मला पटलं. वाटा सोडायचा, म्हणजे गरीब ठरायचं, म्हणजे शिकायला मिळायचं. इतकं सरळ. वाटा कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, तर सोडायला काय जात होतं?

शुक्रवारी काकांच्या घरी मला पाटावर बसवलं. काकूनं कुंकू लावलं, ओटी भरली. समोर ताट. ताटात साडी, साडीवर नारळ, साडीखाली स्टँप पेपर. आत्यांच्या वेळीही असंच झालं होतं. मटणाचं जेवण, नवी साडी आणि सही. आमच्या गावात याला लुबाडणं म्हणत नाहीत. माहेर राखणं म्हणतात.

काकांनी पेन पुढं केलं. मी आधी कागद घेतला.

"वाचतंस काय? परीक्षा हाय का?" काका म्हणाले. सगळे हसले. कालपरवा रांग हसली होती, तसेच.

मी वाचत राहिले. नैसर्गिक प्रेमापोटी. राजीखुशीने. कोणत्याही दबावाशिवाय. मिळालेल्या व यापुढे मिळणाऱ्या सर्व हक्कांवर पाणी सोडत आहे.

यापुढे मिळणाऱ्या.

गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकार तिच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यात अर्धा हिस्सा आम्हा मायलेकींचा. मी अठराची झाले होते. आता माझ्यासाठी आईचा अंगठा चालणार नव्हता. माझी सही लागणार होती. माझ्या फीची काळजी त्या घरात कुणालाच नव्हती.

मी कागद ताटात ठेवला. "मी सही करनार नाय."

"मंग फी कोन भरंल तुजी?"

"नाय भरली तर नाय भरली."

काकू आईकडे वळली. "वैनी, सांगा ना हिला!"

आई दाराशी उभी होती. इतक्या वर्षांत ती दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाली, "तिला वाचाय येतं. मला येत नव्हतं."

शनिवारी मी पनवेलला गेले, पण कॉलेजात नाही. भूखंडाच्या कचेरीत. स्वतःच्या हातानं हरकतीचा अर्ज लिहिला. आम्हा दोघींच्या सहीशिवाय भूखंड देऊ नये. खाली माझी सही, शेजारी आईचा अंगठा. शिक्का मारलेली पोच घेतली, तोवर कॉलेजची खिडकी बंद झाली होती.

माझी जागा गेली. सायन्स सुटलं ते सुटलंच. तळोज्याला एका कारखान्यात खोकी भरली, बाहेरून बी. ए. केलं. याला कुणी धाडस म्हणू नये. कॉलेजच्या प्रयोगशाळेवरून जाताना अजून खिडकीतून आत बघते.

भूखंड अडकलाय. बिल्डर काकांच्या ओट्यावर येऊन बसतो आणि उठून जातो. दर दिवाळीला काकांकडून साडी येते, मी परत पाठवते. मागच्या वर्षी आई गेली, त्याच पत्र्यांखाली. तेराव्यालाही काकांनी कागद आणला होता.

काल पुन्हा निरोप आला. "किती वर्सं तानशील? दमली नाय का?"

दमलेय. आईचा वाटा आणि माझा वाटा हातात पडल्याशिवाय सही करणार नाही.