फुगडीचा सोपा चार्ट

चतुर्थीनंतरचा पहिला रविवार, दुपारी चार. लाटंबार्से, थोरल्या दिरांचं घर. हजर: थोरली जाऊ, तिची मुलगी आणि मी. दीर काजूच्या बागेतलं रान काढायला गेलेले.

जावेच्या हृदयात स्टेंट घालून दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी रोज हळू चालायला सांगितलं होतं, त्याचा तिला कंटाळा. म्हणून पुतणीने नाचाचा खेळ जोडला. टीव्हीवर बाण सरकतात, तसे जमिनीवरच्या मॅटवर पाय टाकायचे. कुठला बाण कधी यायचा, तो चार्ट मी बनवते. हौस म्हणून.

गाणं फुगडीचं. लग्नातल्या बँडपासून डीजेपर्यंत सगळ्यांनी वाजवलेलं. मी मांद्र्याच्या बायकांचं रेकॉर्डिंग निवडलं, कारण त्याची सुरुवात सगळ्यात संथ. दर दोन ठोक्यांना एक बाण, बाकी बाण ठोक्यांशी जोडायचं काम प्रोग्रॅम आपोआप करतो. पहिलं कडवं तपासलं आणि चार्टच्या यादीत 'सोपा'समोर बरोबरची खूण केली. फुगडीची लय शेवटच्या 'फू'पर्यंत वाढत जाते, हे मला पेडण्यात जन्मून माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही.

तिसऱ्या कडव्यात बाण धावायला लागले.

"वहिनी, उतरा."

"फू घातल्याशिवाय कोण थांबता गो?" ती हसत होती, पण शब्द तुटत होते. "माका म्हातारी समजतंस?"

"आई, पुरे," पुतणी म्हणाली.

मी टीव्हीचा प्लग शोधत होते. तो कपाटामागे होता. हात पोचेना. मागे पाय पडायचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर ती भिंतीला धरून उभी, ओठ राखाडी.

डिचोलीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. ठोके मोजायचा प्रयत्न केला, पण माझेच मध्ये येत होते. ईसीजी ठीक निघाला. "पण यांनी केलं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पायऱ्या चढले," जाऊ म्हणाली.

आता ती अंगणातसुद्धा उतरत नाही, असं पुतणी सांगते. काल जाऊ स्वतः फोनवर मला म्हणाली, "लहान पोरांचा सोपा खेळ तो, माका तोही झेपलो नाय. आता काय उरलाहा माझ्यात?" मी औषधांच्या वेळा विचारल्या आणि फोन ठेवला.

चार्ट पुसला. मॅट गुंडाळली. डॉक्टरांना खरं काय ते कळवलं. वहिनींना सांगायचं राहिलं आहे, की तो चार्ट सोपा नव्हता.