आमचे कॅन्डिडेट भागवतमामा

माझे मामा आयुष्यात एकदाच स्टेजवर चढले, आणि लॅटिन बोलले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

भागवतमामा अजिंठ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मुकुंदवाडीत राहायचे, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. कुठला शब्द कुठून आला ते शोधायचा लई नाद.

रिटायर झाल्यावर गल्लीतल्या बायकांनी त्यांना नगरसेवकाच्या इलेक्शनला उभं केलं. मागच्या गल्ल्यांना पाण्याची लाइनच नव्हती. टँकरमागं पळून बायका थकल्या होत्या.
मामा नको नको म्हणत होते. मामीनं ऐकलं नाही.

चौकात सभा होती. माईक हातात आला आणि मामांना घाम फुटला. पाठ केलेलं सगळं गेलं.

मग तोंडातून आलं ते नेहमीचंच.

"कॅन्डिडेट हा शब्द लॅटिनमधल्या कॅन्डिडसवरून आला. कॅन्डिडस म्हणजे पांढरा. पण साधा नाय, चमकणारा. साध्या पांढऱ्याला ते अल्बस म्हणायचे."

पुढं सांगितलं, मतं मागणारे रोमन लोक कपड्यांना खडू चोळून ते झळकवायचे, म्हणून ते कॅन्डिडेट. आणि आपला 'चंद्र' म्हणे याच शब्दाचा लांबचा भाऊबंद.



पुढं बसलेले एक आजोबा म्हणाले, "सर, लई भारी. पण पाण्याचं बोला."

मी मान खाली घातली.

मामी उठली. मामांच्या हातातून माईक घेतला.

"तेच सांगायलेत ते. नळाला पाणी नाय, तर ह्यांचा शर्ट पांढरा करू कशानं?"

अख्खा चौक हसला. सगळ्यात जास्त मामा.

इलेक्शनमध्ये मामा पडले. पण मागच्या गल्ल्या त्यांच्याच बाजूनं उभ्या राहिल्या, आणि निवडून आलेल्या ताईंना ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, सर, पाण्याच्या ऑफिसात माझ्यासोबत चला.
मामा गेले. परत परत गेले. शेवटी लाइन आली.

पहिल्यांदा पाणी सुटलं त्या संध्याकाळी मी विचारलं, हरल्याचं वाईट वाटलं का?

"वाटलं की," म्हणाले. "पण बघ, इंग्रजीत कपड्यावरून नाव पडलं. आपण फारसीतून घेतलं, उमेदवार. उमेद धरून असलेला. त्यात जिंकायचं कुठंय?"

आतून मामीनं हाक मारली. मामा बादल्या भरायला गेले.

मामा, मामी बरी आहे. तुमची लई आठवण काढते.

रामराम घ्या.