जाड तारांवरचा अंगठा

बँकेतल्या बदलीमुळे मी म्हसावदला भाड्याने राहत होतो. समोरच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पन्नाशीचा एक माणूस गिटार वाजवायचा. सुरतच्या हॉटेलांत त्याने बरीच वर्षं जॅझ वाजवलं होतं, एवढं घरमालकाकडून कळलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

जॅझ मी पुष्कळ ऐकलं आहे, पण असं वाजवणं पाहिलं नव्हतं. सगळी धून तो जाड तारांवर नुसत्या अंगठ्याने काढायचा आणि उरलेल्या बोटांनी गिटारच्या लाकडावर ठेका धरायचा. शेजारी त्याची म्हातारी आई त्या लाकडाला तळहात लावून, डोळे मिटून बसलेली असायची.

ही पद्धत कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं.

"मायले ऐकू येत नही, भाऊ," तो म्हणाला. "बारीक तार तिना हातले समजत नही. जाडी समजस."

उन्हाळ्यात आई गेली. ओटा बरेच दिवस रिकामा राहिला. मग एका संध्याकाळी तो गिटार घेऊन बसलेला दिसला, म्हणून मी जाऊन शेजारी बसलो. तो बारीक तारांवर वाजवू लागला. बोटं सफाईने पळत होती, एकही सूर चुकला नाही. मी मनापासून दाद दिली.

"हाई तं कोनी बी वाजाडस," असं म्हणून त्याने गिटार बाजूला ठेवली.

थोड्याच दिवसांत तो सुरतला परत गेला. तिथे कुठल्याशा हॉटेलात तो आता सुरेख वाजवत असेल, आणि ऐकणाऱ्यांना तेवढंच पुरत असेल.