मोटरच्या दोन वायरी

कोंडाजी म्हणजे तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. गॅसची टाकी आली की हातानं उचलून वजन बघणार, दुधात बोट बुडवणार, बायकोनं माहेरी फोन लावला तरी कान देणार. पण कोळवण खोऱ्यातल्या त्या गावाचं पाणी बावीस वर्षं त्याच्या हाती होतं आणि एक दिवसही त्यानं नळ कोरडा ठेवला नव्हता. हे मात्र मानायलाच हवं.

यंदा पंचायतीनं विहिरीवरचा जुना स्टार्टर काढून मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्हचा पांढरा डबा बसवला. स्टार्टर दाबला की मोटर हिसका देऊन उठायची. ती पाण्याखाली असली तरी सुलटी फिरतेय की उलटी, हे कोंडाजी आवाजावरून सांगायचा. डब्यामुळं ती हळूहळू वेग घेऊ लागली आणि आवाजावरून काही कळेना. "चोराच्या पावलांनी उठतीय," तो म्हणायचा. त्यात डबा बसवणारा सूस गावचा पोरगा, सिद्धांत, बजावून गेला, "काका, लाइनचं काम झालं तरी मोटरच्या वायरींना हात लावू नका." झालं! हात का लावायचा नाही? नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.

मग एक दिवस खांबावरच्या तारा बदलल्या. लाइनमन जयसिंग जाता जाता ओरडला, "तारा उलट्या लागल्या आसतील रं, बघून घे!" अशा वेळी मोटर उलटी फिरू नये म्हणून तिच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, ही बावीस वर्षांची रीत. कोंडाजीनं ती केली आणि विसरूनही गेला.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या वस्तीला पाणी चढेना. सत्तरीची आक्काबाई खालच्या नळावरून हंडा घेऊन चढ चढू लागली. कोंडाजीला तिची कीव आली, पण त्याहून जास्त सिद्धांतचा राग आला. "सूसमधी बसून मोबाइलवरनं मोटर हळू करतोय. खालच्या फार्महाऊसवाल्यांनी फितवलाय त्याला," असं त्यानं गावभर केलं. सरपंच नलिनीताईंनी सिद्धांतला बोलावलं. डब्यात खोट निघाली तर डबाही जाणार होता आणि सिद्धांतचं तालुक्यातलं कामही.

विहिरीवर सगळे जमले. सिद्धांतनं डबा उघडला. मोटर पूर्ण वेगात होती. मग मोटरकडं जाणाऱ्या वायरींवरच्या रंगीत पट्ट्या बघून तो थबकला.

"ह्या दोन वायरी कुणी बदलल्या? मोटर उलटी फिरतेय, म्हणून पाणी वर चढत नाही. डबा आलेली वीज आधी सरळ करून घेतो, मग आपल्या पद्धतीनं मोटरला देतो. खांबावर काही उलटसुलट झालं तरी त्याला फरक पडत नाही."

कोंडाजीला आपण केलेली अदलाबदल आठवली. जयसिंगचं नाव सांगितलं असतं तर खपून गेलं असतं.

"कुनावर बी ढकलू नगंस, बाबा," आक्काबाई सिद्धांतवर कडाडली. "कोंडाजी म्हनतोय डब्यात खोट हाय, म्हंजी हाय. बावीस वर्सं त्येच्या भरवशावर पानी भरतोय आमी."

तो भरवसा कोंडाजीला झेपला नाही.

"आक्का, म्याच बदलल्या," तो म्हणाला. "ह्याची काय बी चूक न्हाई."

वायरी पूर्ववत झाल्या, पाणी चढलं. सिद्धांत चहा न घेताच निघाला. कोंडाजी त्याच्या गाडीमागं रस्त्यापर्यंत गेला, पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही.

आता आक्काबाई पंपघरावरून जाताना रोज विचारते, "कोंडाजी, आज कशाला हात लावलास?" आणि कोंडाजी निमूटपणे दोन्ही हात वर करून दाखवतो.